चौथ्या दारातला गडी

सोमवार, ५ सप्टेंबर १९८८

साडेआठला ऑफिसात. पाऊस नाही, उकाडा. शनिवारसारखीच आजही टर्मिनल बंद पडली — तीनही. डिस्पॅचची चलनं निघेनात. दोन ट्रक फाटकावर अडकले. ड्रायव्हर आत येऊन शिव्या देऊन गेले. शेवटी चलनं हाताने लिहिली. सहाला घरी. भावजय कॅथरिनने भात वाढला. जेवलो.

धाकटा भाऊ सिप्रियन गेल्यापासून या वहीत लिहिलं नव्हतं. आज लिहितोय. का ते माहीत नाही. बोलायला कोणी नाही असं नाही. बोलता येत नाही.

मंगळवार, ६ सप्टेंबर

पुन्हा तेच. सकाळी तासभर सगळं ठीक चालतं. मग एकेक करून अडकतं. पडद्यावर ‘लॉगिन’ हा शब्द दिसतो, आपण नाव टाइप करायचं, कळ दाबायची — आणि काही नाही. नुसती चौकट लुकलुकत राहते. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की थोडा वेळ चालतं, पुन्हा अडकतं. रामनाथ म्हणाला, “अंकल, हे म्हणजे रेशनच्या खिडकीसारखं झालंय. बाई समोर दिसते, पण बोलायचं नाव नाही!” तो स्टॉकला आहे, दोन नंबरच्या टर्मिनलवर. हसवायला बघत होता. मला हसता आलं नाही.

मशीन एकच आहे, आतल्या एसीच्या केबिनमध्ये. तिथून तारा काढून चार टेबलांवर चार टर्मिनल. एकवर मी, डिस्पॅच. दोनवर रामनाथ. तीनवर मंदाताई, पगाराचं काम. चौथं सिप्रियनचं. मशीन तोच सांभाळायचा. कंपनीचा पंप कुठला, कधी, कोणाला गेला याचा सगळा प्रोग्रॅम त्याने एकट्याने लिहिला. दोन वर्षं लागली. रविवारीसुद्धा जायचा. कॅथरिन चिडायची.

एकदा मी त्याला विचारलं होतं, हे लॉगिन विचारतं कोण? म्हणाला, “दादा, असं समज, आपल्या वाडीला चार फाटकं आहेत. प्रत्येक फाटकावर एक गडी. त्याला दुसरं काही येत नाही, फक्त नाव विचारतो. तू नाव सांगितलंस की तुला आत सोडून तो जातो. तू बाहेर आलास की मालक तिथे नवा गडी पाठवतो.” इंग्रजीत त्या गड्याला गेटी म्हणतात. “गेटी म्हणजे आपला गडीच!” असं म्हणून स्वतःच हसला होता.

आता गडी दिसतात, पण ऐकत नाहीत.

बुधवार, ७ सप्टेंबर

राऊतसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाले. म्हणजे काहीतरी वाईट असणार हे कळलं.

“हिलरी, राग मानू नकोस. तुझा भाऊ गेला आणि लगोलग मशीन बिघडलं. मशीन देणारे मुंबईवाले म्हणतात, त्याच्या प्रोग्रॅममध्येच खोट आहे.”

“दोन वर्षं चाललं, साहेब.”

“तो होता तेव्हा रोज डागडुजी करत असेल. आता कोण करणार? मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. कच्चं काम.”

कॅथरिनचा अर्ज त्यांच्याच टेबलावर होता. सिप्रियनच्या जागी तिला घ्यावं म्हणून. साहेबांनी त्याच्यावर हात ठेवला. “ज्याच्या कामामुळे कंपनीचे ट्रक अडकतात, त्याच्याच बायकोला त्याच्या जागी घ्या, हे मी वर कोणत्या तोंडाने सांगू? तूच सांग.”

मी उठून चलनं लिहायला गेलो.

घरी कॅथरिनने विचारलं, “काय म्हणाले, दादा?”

“बघतो म्हणाले.”

मग ती लिडियाला भरवायला लागली. पोरगी चार वर्षांची आहे. तिला अजून वाटतं डॅडी हॉस्पिटलात आहे.

गुरुवार, ८ सप्टेंबर

माऊलीचा सण. कॅथरिन चर्चमध्ये मिस्साला गेली. मी गेलो नाही. टर्मिनल बंद.

शुक्रवार, ९ सप्टेंबर

सिप्रियनच्या टेबलाबद्दल लिहायचं राहिलं.

तो गेला तेव्हापासून त्या टेबलाला कोणी हात लावलेला नाही. मंदाताईंनी टर्मिनलवर पांढरं कापड घातलं. आधी एक छोटा फोटो बाजूला ठेवला होता. गेल्या शनिवारी ऑफिसने वर्गणी काढून केलेली मोठी फ्रेम आली, पापडीहून. सागवानी, जड. आता ती मध्ये, पडद्याला टेकून उभी असते. मंदाताई निर्मळहून एसटीने येतात. येताना स्वतःच्या वाडीतली फुलं आणतात, सोनचाफा, झेंडू, मिळेल ते. हार घालतात, अगरबत्ती लावतात, हात जोडतात आणि मग कामाला बसतात. संध्याकाळी फ्रेम आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावतात. उंदीर फुलं ओढतात म्हणून.

आमच्यात फोटोला अगरबत्ती लावत नाहीत. एकदा वाटलं सांगावं. मग म्हटलं नको. सिप्रियनने त्यांना हाताला धरून शिकवलं होतं. कीबोर्डला हात लावायला घाबरायच्या. हा म्हणायचा, “ताई, चुकलं तर मशीन बिघडत नाही. माणूस बिघडतो, तो मी बघून घेतो.” ती आठवण काढून त्या रडतात. मी घरातला माणूस असून माझ्याच्याने रडवत नाही.

त्या अजून टेम्पररी आहेत. कायम करण्याचा कागद याच महिन्यात निघायचा आहे. घरी नवरा अर्धांगाने पडून. बसमुळे रोज उशीर होतो आणि साहेब रोज टोचतात. आज म्हणाले, “मंदाबाई, तुमच्या निर्मळचं घड्याळ वेगळं आहे का?”

“घड्याळ तेच आहे साहेब, एसटी वेगळी आहे.”

सगळे हसले. साहेब हसले नाहीत.

बायजा झाडायला येते, मिठागराकडची. ती आज माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “दादा, त्या टेबलाखाली मी झाडू नाय मारीत. मानूस गेला, पन जीव त्याचा तारंत अडकलाय. म्हनून तो बाकीच्यांला बोलू देत नाय.” रामनाथने ऐकलं. त्याने आपले पाय खुर्चीवर घेतले.

शनिवार, १० सप्टेंबर

मुंबईच्या इंजिनिअरचा फोन आला होता. सिप्रियनचा प्रोग्रॅम पुसायचा आणि त्यांचं पॅकेज टाकायचं, असं त्याचं म्हणणं. गुरुवारी २२ तारखेला हेड ऑफिसचा माणूस येणार. तेव्हा ठरेल.

पुसायचं! पाटीवरचं असल्यासारखं.

रविवार, ११ सप्टेंबर

मिस्सानंतर दफनभूमीत गेलो. माती खचली आहे. वाऱ्यात मेणबत्ती टिकेना. हात आडवा धरून उभा राहिलो, तरी विझली.

सिप्रियनच्या काविळीला आधी गावठी औषध चालू होतं. डॉक्टरकडे नेलं तेव्हा डोळे हळदीसारखे झाले होते. कोणाचं चुकलं हे आता घरात कोणी काढत नाही. सव्विसाव्या वर्षी मी त्याला सायकल शिकवली — तो तेव्हा सहा वर्षांचा. वीस वर्षांनी लहान होता माझ्याहून. मी आधी जायला हवं होतं.

बुधवार, १४ सप्टेंबर

सिप्रियन गेल्याची महिन्याची मिस्सा झाली. ऑफिसातले आले होते. मंदाताई शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. लोक गुडघे टेकत तेव्हा त्या उभ्या राहून हात जोडत, मग लक्षात आलं की पटकन बसत. साहेब आले नाहीत.

घरी पेज आणि चहा. कॅथरिन आल्यागेल्याशी नीट बोलत होती. सगळे गेल्यावर ओट्याला टेकून म्हणाली, “पैशासाठी नाही, दादा. पण त्याची जागा मला नाही म्हणाले तर लोक म्हणतील, त्यानंच काहीतरी वाईट केलं असणार. लिडिया हेच ऐकत मोठी होईल.”

मी कप उचलून मोरीत ठेवले.

शुक्रवार, १६ सप्टेंबर

इंजिनिअर आला. गणपतीमुळे ऑफिस अर्धं रिकामं, मंदाताई सुट्टीवर. आणि आज दिवसभर एकही टर्मिनल अडकलं नाही! तो येऊन बसला, नावं टाकून बघितली, आत गेला, बाहेर आला. तीनही चालू.

“मला कशाला बोलावलं तुम्ही?”

रामनाथ म्हणाला, “साहेब, तुम्हाला बघून घाबरलं ते. रोज येत जा.”

इंजिनिअर जेवला, पान खाल्लं, जाताना राऊतसाहेबांना म्हणाला, “कधी चालतं, कधी नाही, म्हणजे खोट प्रोग्रॅममध्येच.” बंद पडलं तर सिप्रियनची चूक, चाललं तरी त्याचीच. मेलेला माणूस बरा पडतो. उठून बोलत नाही.

सोमवार, १९ सप्टेंबर

आज कळलं. घडलं तसं लिहितो.

मंदाताई सुट्टीवरून आल्या. सगळ्यांना मोदक दिले. फ्रेम काढली, पुसली, हार घातला. गणपतीचा म्हणून आज मोठा हार होता. त्या कामाला बसतात न बसतात तोच रामनाथ ओरडला, “गेलं!” मागोमाग माझं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर मी मशीनच्या केबिनमध्ये गेलो. मशीनला लागूनच एक पडदा आहे, कन्सोल म्हणतात. तो रडतखडत का होईना, उत्तर देतो. कोणत्या दारात कोणता गडी उभा आहे ते दाखवणारा हुकूम सिप्रियनने मला शिकवला होता. तो दिला. यादी यायला फार वेळ लागला. प्रत्येक गड्यापुढे एक नंबर असतो. नवा गडी आला की नवा नंबर.

पुन्हा हुकूम दिला. पहिल्या तीन दारांचे नंबर तेच. चौथ्याचा बदललेला. परत दिला. परत बदललेला!

म्हणजे चौथ्या दारात कोणीतरी येत होतं. गडी नाव विचारत होता आणि समोरून कोणीतरी उत्तर देत होतं. सारखं, सारखं. त्या टेबलावर कोणी नाही हे मला माहीत होतं.

बायजाचं बोलणं आठवलं. खोटं कशाला लिहू, मी “सिप्रियन” अशी हाक मारली. मोठ्याने.

मग बाहेर आलो आणि त्याच्या टेबलाजवळ जाऊन कापड वर केलं. टर्मिनल चालू होतं. ते कधीच बंद करायचं नाही, हा त्याचाच नियम. तो गेल्यावरही कोणी बटणाला हात लावला नव्हता. पडद्यावर एकच अक्षर, ओळीच्या ओळी भरून. फ्रेमचा खालचा दांडा कीबोर्डवर टेकलेला. हाराच्या वजनाने एका बाजूचा कोपरा खाली गेला होता आणि कापडासकट एक कळ दाबून बसला होता.

एवढंच होतं.

गडी नाव विचारतोय, आणि समोरून नाव संपतच नाही. वैतागून तो गडी जातो. मालक दुसरा पाठवतो, त्याचीही तीच गत. मालक दिवसभर त्या एका फाटकावर गडी पाठवण्यातच गुंतलेला. बाकीच्या फाटकांकडे बघायला त्याला सवड कुठली!

फ्रेम उचलली. माझ्या टेबलावरचं टर्मिनल जागं झालं. सकाळपासून मी टाइप केलेलं माझं नाव एकदम तीनदा उमटलं. फ्रेम परत तशीच ठेवली, अडकलं. उचलली, सुटलं. मग फ्रेम मांडीवर घेऊन सिप्रियनच्या खुर्चीत बसलो. तो गेल्यापासून पहिल्यांदा. त्याच्या कामात काही खोट नव्हती. काही नव्हती!

मंदाताई डबा धुऊन आल्या. “अगंबाई, हिलरीभाऊ, फ्रेम का उतरवली? हार पडला का?”

तोंडापर्यंत आलं होतं. त्यांचे हात ओले होते. मी म्हटलं, “पुसत होतो.”

“द्या इकडे. तुम्हा पुरुषांना काय जमतं!” पदराने काच पुसली. लहान मुलाचं तोंड पुसावं तशी.

“ताई, खिडकीत ठेवू या का? तिथे उजेड आहे.”

“खरंच की. तिथून त्याला सगळे दिसतील.”

मंगळवार, २० सप्टेंबर

दिवसभर एकदाही अडकलं नाही. रामनाथ म्हणतो, “अंकल, मिस्सा लागू पडली!” बायजाने आज त्या टेबलाखाली झाडू मारला. म्हणाली, “सुटला बिचारा.”

साहेबांनी बोलावलं. “आपोआप बिघडलं आणि आपोआप सुधारलं, हे गुरुवारी चालायचं नाही. कारण पाहिजे. आणि कारणाला माणूस पाहिजे. नाहीतर पुसायचं.”

कारण माझ्याकडे आहे. पण ते सांगितलं की साहेब पहिला प्रश्न काय विचारतील तेही मला माहीत आहे. टर्मिनलवर वजन ठेवलं कोणी? मंदाताईंचा कागद त्यांच्या सहीसाठी पडून आहे. आधीच उशिरा येणारी बाई. आता तिच्यामुळे ट्रक अडकले. साहेबांना एवढं पुरे. आणि तिला स्वतःला कळलं तर? आपण ज्याला रोज फुलं वाहिली, त्याचंच नाव आपल्या हाताने खराब होत होतं, हे कळलं तर?

गप्प बसलो तर प्रोग्रॅम जातो, कॅथरिनची जागा जाते, आणि सिप्रियन कायमचा कच्च्या कामाचा माणूस ठरतो.

बुधवार, २१ सप्टेंबर

मंदाताईंची बस चुकली. अर्धा रस्ता चालत आल्या. फुलं कोमेजली म्हणून हळहळत होत्या.

गुरुवार, २२ सप्टेंबर

मीटिंग झाली. साहेब, इंजिनिअर, हेड ऑफिसचा माणूस. मी सगळ्यांना सिप्रियनच्या टेबलाजवळ नेलं. बोटाने एक कळ दाबून धरली. थोड्या वेळाने रामनाथ तिकडून ओरडला, “अडकलं!” बोट उचललं. “सुटलं!” पुन्हा केलं. पुन्हा तेच. इंजिनिअर खाली वाकून तारा बघायला लागला, बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. हेड ऑफिसचा माणूस म्हणाला, “म्हणजे प्रोग्रॅम चांगला आहे.” हे त्याने सगळ्यांसमोर म्हटलं.

प्रोग्रॅम पुसणार नाहीत.

मग साहेबांनी मला केबिनमध्ये नेऊन विचारलं, त्या कळेवर वजन ठेवलं कोणी? त्याचंही उत्तर दिलं. आज जास्त लिहीत नाही.

शनिवार, २४ सप्टेंबर

कॅथरिनचं नेमणुकीचं पत्र आलं. सिप्रियनच्याच जागी. तिने ते दोनदा वाचलं आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. लिडियाने विचारलं, मम्मी डॅडीच्या ऑफिसात जाणार, म्हणजे डॅडीला घेऊन येणार का. कॅथरिनने तिला कडेवर घेतलं.

सोमवार, २६ सप्टेंबर

कॅथरिनचा पहिला दिवस. काळ्या साडीत. मंदाताई तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि हळूहळू शिकवत होत्या. तिने नाव टाइप केलं. गड्याने आत सोडलं.

दुपारी मंदाताईंनी पेढे वाटले. कायमचा कागद निघाला. दोन पेढे खिडकीतल्या फ्रेमपुढे ठेवले. मला म्हणाल्या, “त्यानंच केलं हो सगळं.”

मी पेढा घेतला.

गुरुवार, २९ सप्टेंबर

कॅथरिनला आज ऑफिसात कोणीतरी सांगितलं. घरी आली ती दारातच उभी राहिली. “त्याच्या कीबोर्डवर डिस्पॅचची बाडं तुम्ही ठेवत होता? सगळे त्याला नावं ठेवत होते आणि कारण तुम्ही होता, दादा? त्याचा सख्खा भाऊ?”

साहेबांना मी तेच सांगितलं होतं. तिला आज वेगळं सांगितलं तर उद्या ते तिच्या शेजारी मंदाताईंच्या खुर्चीपर्यंत जाणार. मी हो म्हटलं.

लिडियाला घेऊन ती गासला माहेरी गेली. कामावर तिथूनच येणार. माझी बदली, सोमवारपासून भिवंडीचं गोदाम.

तांदूळ कुठे असतो ते माहीत नव्हतं. सापडला. एका माणसाला किती लागतो ते कळेना. दोन मुठी घेतला, धुतला, स्टोव्हवर ठेवला.